जव परतणाऱ्या वन्स

"अगं, पिंप कोणी परततं का?"

लग्न होऊन मी आले, त्याच्या पहिल्याच वर्षी हे वाक्य मी फळ्यांच्या भिंतीआडून ऐकलं. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तोंडही होतं. एकच लांब खोली, मधोमध फळ्या ठोकून तिची दोन घरं केलेली. इकडे आम्ही, तिकडे माझी थोरली नणंद आणि तिचा नवरा. नणंदेला मी वन्स म्हणायचे. तिच्या नवऱ्याला आमचे हे दाजी म्हणत, म्हणून मलाही ते दाजीच. तिकडे कोणी कूस बदलली तरी इकडे कळायचं, त्यामुळे दोन्ही घरांना दबक्या आवाजात भांडायची सवय होती. त्या दिवशी मात्र दाजींचा आवाज चढला होता, आणि त्यांचा आवाज चढणं म्हणजे दगडाला घाम फुटण्यातला प्रकार. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, ती घडी तशीच हातात राहिली.

"मी कुठे परतलं?" वन्स म्हणाल्या. "झाडताना जरा सरकवलं असेल."

"रोज?"

"रोज झाडते, म्हणजे रोजच की."

"आणि बूच खाली आलं ते दिसलं नाही तुला?"

पलीकडे फळीवरचे डबे सरकवल्याचा आवाज आला. मग वन्स म्हणाल्या, "जागच्या जागी राहिलं की नासतं, एवढंच मला माहीत. दुसरं मी काय शिकले?"

"आणि हलवलं की सांडतं," दाजी म्हणाले, "एवढंच मला माहीत."

दोघांचंही खरं होतं, हीच तर अडचण. एक खोटा असला की भांडण मिटवता येतं. दोघंही खरे असले की चारचौघांनी आपापल्या घरी जावं.

आता त्यांची कामं काय होती ते सांगितल्याशिवाय हे भांडण कळायचं नाही. आमची सगळी गल्ली दारूच्या एका कारखान्यावर जगायची. त्याच्या एका टोकाला बुटक्या छताची लांबच लांब कोठी होती. तिथे जव हौदात भिजवायचे, पाणी काढून टाकायचं, आणि दगडी फरशीवर पसरून त्यांना मोड येऊ द्यायचे. दाण्याला बिचाऱ्याला वाटतं, झालं, आता आपण रोप होणार. तो आतल्या पिठाची साखर करायला घेतो, होणाऱ्या पोराच्या खाण्याची सोय करावी तशी. आणि नेमकं तेव्हाच त्याला उचलून भट्टीवर वाळवायचं. रोप काही होत नाही, गोडी तेवढी मागे राहते. शिकलेली माणसं त्याला माल्ट म्हणतात. ती गोडी गरम पाण्यात उतरवून आंबवली की बिअर, आणि आंबवलेलं उकळून त्याची वाफ धरली की कडक दारू. मोड न आलेल्या जवाला नुसतं पाण्यात घालून कितीही विनवा, तो दाद देत नाही. आमचे हे भट्टीवर होते आणि वन्स फरशीवर.

फरशीवरचं काम म्हणजे परतणं. मोड येताना जव तापतात. ढिगात हात घातला तर आजारी माणसाच्या कपाळाला लावल्यासारखा वाटतो. वेळेवर वरखाली केले नाहीत तर मुळं मुळांत अडकून त्याची गोधडी होते आणि आतले दाणे गुदमरतात. म्हणून लाकडी फावडं घ्यायचं, लोखंडी नाही, लोखंडानं दाणा ठेचला जातो. ते खुपसायचं, उचलायचं, मनगटाला झटका द्यायचा आणि जव पंख्यासारखे उडवायचे. असं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. उकडायला लागलं की खिडक्या उघडायच्या, गार झालं की लावायच्या. तोवर पहिलं टोक पुन्हा तापलेलं असायचं. मी ह्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा कोठीत नुकती काकडी चिरल्यासारखा वास असायचा, आणि त्या वासात वन्स अनवाणी, कमरेला फडकं खोचून, मागे मागे सरकत जव उडवत असायच्या. मला बघून हात थांबायचा नाही. "डबा ठेव आणि खिडकी लाव," एवढंच.

कोठीतली माणसं त्यांना भिंगरी म्हणत. त्यांना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. घरी आल्या तरी भिंगरी चालूच. गादी उलटायची, फळीवरचे डबे मागचे पुढे करायचे, वाळत घातलेले कपडे अर्धवट वाळले की फिरवायचे. माझं पहिलं लेकरू पाळण्यात उताणं झोपलं असलं की जाता जाता त्याला एका कुशीवर करायच्या, येता येता दुसऱ्या. मी रागावले तर म्हणायच्या, "एका अंगाला किती वेळ ठेवतेस गं त्याला?" जेवायलासुद्धा उभ्याच. एक घास तोंडात, एक पाय दारात. आमचे हे म्हणायचे, आमच्या ताईला देवानं गुडघे दिलेत ते नुसते चालायला, दुमडायला नाही.

आणि नवरा मिळाला तो पिंपं बांधणारा. कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांची पिंपशाळा, म्हणजे पिंपं बांधायची जागा, होती. ओळीनं बसून लाकडाच्या फळ्या तासायच्या, विस्तवावर वाकवायच्या, लोखंडी पट्ट्या ठोकायच्या. ना खिळा ना गोंद, नुसती फळीला फळी घट्ट, आणि आत दारू वर्षानुवर्षं. दाजी एकदा बाकावर बसले की दुपारच्या भोंग्यालाच उठायचे, तेही शेजारच्यानं ढोसल्यावर. वन्स त्यांना ठोकळा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ते मान डोलवत. भरलेल्या पिंपाला हात लावायचा नाही हा त्यांचा धर्म. दारू आणि लाकूड एकमेकांशी बोलत असतात, मध्ये माणसानं तोंड घालू नये, असं ते सांगायचे. लग्नानंतर ते एवढंच बोलले असं वन्स म्हणायच्या, पण ती त्यांची चेष्टा.

लग्नाच्या वेळी दाजींनी घरासाठी एक लहानसं पिंप बांधलं होतं. वन्सच्या फरशीवरच्या जवाची दारू, दाजींच्या हातचं लाकूड. मालकानंच ते भरून दिलं. दाजींनी ते खोलीच्या कोपऱ्यात आडवं ठेवलं, पोटावरचं बूच बरोबर वर. दोघांनी काम सोडलं की त्या दिवशी शेजारी शेजारी बसायचं आणि ते उघडायचं, असं ठरलं होतं. वन्सनी बसायचं कबूल केलं होतं, यातच काय ते समजा.

पण झाडू हातात आला की वन्सचा हात गप्प राहीना. रोज झाडताना पिंप बोटभर फिरवायचं. बोट बोट करत बूच वरून बाजूला आलं, बाजूचं खाली गेलं आणि दारू झिरपायला लागली. कळणार कसं? आमच्या गल्लीत वाऱ्यालाच दारूचा वास असतो. दाजींनी एक दिवस सहज टिचकी मारली, तर पिंप अर्धं पोकळ वाजलं.

त्या भांडणाचा शेवट असा झाला, की दाजींनी पिंप पुन्हा नीट ठेवलं, नवं बूच ठोकलं, खिशातला खडू काढला आणि पिंपाच्या तोंडावरून, म्हणजे समोरच्या गोल फळीवरून, मागच्या भिंतीवर एक आडवी सरळ रेघ ओढली. पिंप बोटभर जरी फिरलं तरी रेघ तुटलेली दिसावी. म्हणाले, "या घरात ही एक वस्तू वर्षभर मी ठेवली तशी राहिली, की निरोप धाड." आणि पिंपशाळेच्या माळ्यावर राहायला गेले. वळकटी आणि दाढीचं सामान, एवढंच नेलं. ओरडून गेले असते तर चार दिवसांत परत आले असते. दाजी शांतपणे गेले, म्हणून मला भीती वाटली.

वन्सनाही वाटली. पण भीती वाटल्यावर माणसं बसतात, वन्स अजून फिरायला लागल्या. खोलीतल्या खोलीत अशा येरझाऱ्या घालायच्या, की फळ्यांपलीकडून मला गिरणी चालू असल्यासारखं वाटायचं. दोन दिवसांनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तो कोपरा तू झाडत जा. माझ्या हाताचा मला भरवसा नाही." मी झाडायला लागले. त्यांनी पिंपावर चादर टाकली, पुढ्यात स्टूल ठेवलं. पण झाडू हातात नसला तरी हात होताच. दार उघडायला जाताना गुडघा लागायचा. चादर झटकायच्या निमित्तानं चादर निघायची, आणि चादर निघाली की तळवा पिंपावर. एकदा मी बघितलं, माझ्याशी बोलता बोलता वन्सनी पिंप हलवलं आणि त्यांना पत्ताच नाही. मी बोट दाखवलं तेव्हा रेघ तुटली होती.

समोरची शिंपीण टाके घालण्यात हुशार तशी डोक्यानंही हुशार. म्हणाली, त्यात काय, पुसा आणि नवी ओढा, खडू काय सगळे सारखेच. वन्सनी चादर पुन्हा पिंपावर ओढली. मग म्हणाल्या, "दाण्याला रोज फसवते तेवढं पुरे. ठोकळ्याला नाही फसवायची."

आणि ताडकन उठून, म्हणजे उभ्याच होत्या त्या निघून, पिंपशाळेत गेल्या. सगळ्यांच्या देखत सांगून आल्या की रेघ तुटली. दाजी आले, पिंप सरळ केलं, नवी रेघ ओढली, पाणीही न घेता परत गेले. वर्ष पुन्हा पहिल्यापासून. असं एकदा नाही, कैकदा झालं. पिंपशाळेत तर पैज लागायची. वन्स दारात दिसल्या की कोणीतरी ओरडायचं, "ठोकळ्या, खडू घे." सगळे हसायचे. वन्सही हसायच्या आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशी डोळे पुसायच्या. तेही चालता चालताच.

मला म्हणाल्या, "तो येईल गं. पण मी राहिले पाहिजे ना जागेवर." मी म्हटलं, काम सोडा काही दिवस, हाताची सवय जाईल. त्या माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांची बाजू फिरवायला लागल्या. नंतर माझ्या लक्षात आलं, मी त्यांना जीव सोडा म्हणाले होते.

दुसरं वर्ष तसंच गेलं. जवाच्या हंगामाची अखेर आली. अखेरीचा माल सगळ्यात नाठाळ, कारण हवा तापलेली असते आणि जव हातातून निसटल्यासारखे वाढतात. नेमक्या त्याच वेळी वन्स तापानं आडव्या झाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पाठीवर पडलेलं बघितलं. दुसरा परतणारा लेकीच्या बाळंतपणासाठी गावी गेलेला. आमचे हे भट्टी सोडू शकत नव्हते. मुकादम डोक्याला हात लावून बसला. तेव्हा दाजी पिंपशाळेतून आपण होऊन आले आणि म्हणाले, मी परततो.

वन्सना कळलं तशी त्यांनी उशीवरून मान उचलली. मला म्हणाल्या, जा, त्याला सांग, दिसायला नीट नको, वेळेवर हवं. मी सांगितलं. दाजींनी फावडं हातात घेऊन मान डोलवली.

दुपारी ह्यांचा डबा घेऊन गेले तर कोठीत शिरताच पाय थबकला. निम्मी फरशी इस्त्री केलेल्या चादरीसारखी दिसत होती. काठ दोरी लावल्यासारखे सरळ. दाजी गुडघ्यावर बसून फळीनं उंचसखल सारखं करत होते, पिंपाचं तोंड तासावं तसं. इतकं देखणं काम त्या कोठीत कधी कोणी केलं नसेल. पण काकडीचा वास नव्हता. फार पिकलेल्या फळासारखा गोडूस, जड वास होता. मी म्हटलं, दाजी, ते पहिलं टोक बघा की. ते म्हणाले, ते झालंय, आता त्याला हात नको लावायला.

मी डबा तिथेच ठेवला आणि घराकडे पळाले. वन्सना सांगू नये, असं वाटेत वाटलं, पण वासाचं नुसतं नाव काढलं आणि त्या घोंगडी गुंडाळून माझ्यापुढे चालायला लागल्या. अंगात ताप, पायांत तोच वेग.

पहिल्या टोकाला त्यांनी हात घातला आणि उचलला, तर जव सुटे आलेच नाहीत. मुळांनी मुळं धरून घट्ट पट्टा झाला होता, हातरुणाएवढा, खालून वाफ येत होती. वन्स खाली बसल्या. हो, बसल्या. दोन्ही हातांनी तो पट्टा फाडायला लागल्या. दाजी शेजारी येऊन बसले आणि तेही फाडायला लागले. दोघांच्या नखांत पांढरी मुळं. मी खिडक्या उघडल्या.

"मी ठेवलं होतं," दाजी म्हणाले. "इतकं छान बसलं होतं. म्हटलं कशाला हलवा."

"बसलं नव्हतं," वन्स म्हणाल्या. "अडकलं होतं."

दाजी फाडत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "हे असं रोज होतं?"

"रोज व्हायला बघतं. मी होऊ देत नाही."

वाचवायचं तेवढं वाचवलं, उरलेलं गुरांपुढे गेलं. मुकादम दोन दिवस कोणाशी बोलला नाही, आणि दाजींच्या पाठीत चमक भरली ती वेगळीच.

संध्याकाळी दाजी वळकटी घेऊन घरी आले. वन्स पुन्हा अंथरुणावर, मी त्यांच्या उशाशी. दाजी थेट कोपऱ्यात गेले, चादर काढली आणि पिंपापुढे उभे राहिले. रेघ सरळ होती की तुटलेली, मला दिसलं नाही, त्यांची पाठ आड आली. त्यांनी बाहीनं रेघ पुसली. मग पिंपशाळेतून आणलेले लाकडाचे दोन खाचेचे ठोकळे पिंपाखाली सारले, असे की खालून झाडू आरपार जावा आणि पिंप जागचं न हलावं. एवढी साधी गोष्ट. पण ती सुचायला माणसाला रुसून माळ्यावर राहावं लागतं.

वन्स पडल्या पडल्या म्हणाल्या, "ठोकळ्यानं ठोकळे आणले." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. दाजींनी वळकटी उलगडली.

पुढची वर्षं काय, गेली. आमची पोरं मोठी झाली, पांगली. कोठीत फिरता लोखंडी ढोल आला. जव त्यात घालायचे आणि तो आपला आपण गरगरत राहायचा. वन्सना कोणी जा म्हटलं नाही, पण फावडं टांगलं गेलं. तरी त्या जायच्या, ढोलाशेजारून फेऱ्या मारायच्या. काम बरं करतो म्हणायच्या, फक्त बोलत नाही. दाजींचे हात थरथरायला लागले तसे तेही घरी बसले. म्हणजे ते बसले. वन्सचं बसायचं कबूल होतं ते राहूनच गेलं. दाजी पिंपाकडे बघायचे, वन्स म्हणायच्या, आज नको, जरा काम आहे. काम काहीच नसायचं.

मग एका सकाळी दाजींची उजवी बाजू गेली. जीभही अर्धी गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा नर्सबाई सोबत आल्या आणि दाखवून गेल्या, यांना एका अंगावर पडू द्यायचं नाही, थोड्या थोड्या वेळानं कूस बदलायची, नाहीतर पाठ सडते. वन्स ऐकत होत्या. इतक्या लक्ष देऊन त्यांनी कोणाचं काही ऐकल्याचं मला आठवत नाही. नर्सबाई गेल्यावर मला म्हणाल्या, "खिडकी उघड. उकडतंय त्याला."

त्यानंतर पलीकडून जे आवाज यायचे ते मला पाठ झाले. खाटेची करकर, दाजींचा हुंकार, खिडकी उघडली, खिडकी लागली, चार येरझाऱ्या, पुन्हा करकर. दिवसचे दिवस, महिन्यांमागून महिने. दाजींच्या पाठीला एक ओरखडा नाही. चादरीला चुणी दिसली तर वन्स ती हातानं सपाट करायच्या. हे मात्र त्यांनी दाजींकडून घेतलं होतं.

एक दिवस दुपारी दाजींचा आवाज आला. अर्ध्या जिभेचा, पण शब्द कळला. "बस."

येरझाऱ्या चालूच.

"बस ना."

मग बूच काढल्याचा आवाज आला, लाकडावर लाकूड. पेल्याची किणकिण. वन्स म्हणाल्या, "अर्धंसुद्धा नाही रे उरलं. हवेनं प्यायलं."

"हवेनं नाही," दाजी म्हणाले. एक एक शब्द उचलून ठेवावा तसे. "तू सांडलंस."

वन्स हसायला लागल्या. हसणं थांबल्यावर मी पावलांची वाट बघत राहिले. पावलं आलीच नाहीत. उन्हं भिंतीवरून उतरून जमिनीवर आली तरी तिकडे एक फळी वाजली नाही. मी इकडे भांडं खाली ठेवायचीसुद्धा थांबले. शेवटी खाट करकरली. कूस बदलायची वेळ झाली होती.

दाजी गेले ते थंडीच्या तोंडाशी. रडणं वगैरे वन्सनी चालता चालताच उरकलं. आठवडाभरानं मी कोपरा झाडायला गेले तर पिंपाच्या तोंडावरून मागच्या भिंतीवर खडूची रेघ. वन्सच्या हातची, जरा नागमोडी, पण आडवी. पिंपात आता थेंब नव्हता. मी रेघेला झाडू न लावता झाडून घेतलं.

वन्सचा शेवटपर्यंत एक नेम होता. वाळवलेल्या जवाची मुळं चाळून निघतात, ती माझ्या कोंबड्यांना आवडतात. कोठीतून त्याची पिशवी आणून द्यायची आणि आधीची रिकामी पिशवी न्यायची. कोठीत ओळखीचं कोणी उरलं नव्हतं, तरी फाटकावरचा माणूस पिशवी भरून ठेवायचा.

शेवटचं आल्या तेव्हाही तशाच आल्या. पिशवी दाराशी टेकवली. धाप लागली होती. मी म्हटलं, वन्स, बसा जरा. म्हणाल्या, बसायला नाही आले. खिडकीतल्या कुंडीला हात लावून तिची उजेडाकडची बाजू आत आणि आतली उजेडाकडे केली. रिकामी पिशवी दोनदा झटकली, घडी केली, काखेत धरली.

"तेवढा तो पिंपाचा कोपरा तू झाड," म्हणाल्या. "येते."

मी हात पुसून झाडू घेईपर्यंत त्या निघाल्याही होत्या. दार उघडंच टाकून, नेहमीसारख्या.